हॉटेलच्या स्टाफला पाणी-वीज वाचवायची सवय कशी लागते? दंड आणि बक्षिसाच्या आधीचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाकडला साठेक खोल्यांचं हॉटेल, पानशेतच्या रस्त्याला एक छोटा रिसॉर्ट. ५ जूनला, पर्यावरण दिनी, सगळ्या स्टाफचं ट्रेनिंग घेतलं, शपथ झाली, पोस्टर लागले. पंधरा दिवस दिवे बंद होत होते, कचरा वेगळा होत होता. गणपती येईपर्यंत सगळं पुन्हा पहिल्यासारखं. आता मालक म्हणतात दंड लावा, एचआर म्हणतं बक्षीस ठेवा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘या लोकांना पर्यावरणाचं महत्त्व पटवायचं तरी कसं?’

मी हाउसकीपिंगमधून वर आले आणि नंतर पुण्यातल्या नि आसपासच्या हॉटेलांत ऑपरेशन्स आणि ट्रेनिंग बघितलं. त्यावरून सांगते, महत्त्व पटवण्याचं काम बहुतेक आधीच झालेलं आहे. पाणी वाया जाऊ नये हे तुमच्या रूम अटेंडंटला कळतं. तरी ती घालवते, कारण तुमच्या हॉटेलात वाया घालवणं तिच्यासाठी जास्त सुरक्षित आहे. वाचवायला गेली तर उशीर होतो, सुपरवायझरची बोलणी बसतात, गेस्टची तक्रार येऊ शकते. घालवलं तर कोणी विचारत नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा धरा: चांगलं वागण्याची किंमत आज कोण मोजतंय? ती किंमत सगळ्यात कमी पगाराचा माणूस मोजत असेल, तर शपथ पंधरा दिवसच टिकणार.

अर्थात सगळीकडे एकच उत्तर चालत नाही. स्टाफ तुमच्या पगारपत्रकावर आहे की कंत्राटदाराचा, लाँड्री आवारात आहे की बाहेर नगावर (दर कपड्यामागे पैसे देऊन) जाते, गेस्ट आयटी कंपन्यांचे आठवडाभर राहणारे आहेत की शनिवार-रविवारची कुटुंबं, यावर बरंच ठरतं. तुमच्या दोन जागाही एकमेकींपासून खूप वेगळ्या आहेत. म्हणून मी नियम सांगण्यापेक्षा कुठे काय बघायचं ते सांगते.

चादरीपासून सुरुवात करू, कारण ही गोष्ट मला आतून माहीत आहे. बहुतेक हॉटेलांत एक हिरवं कार्ड असतं: चादर बदलून हवी असेल तर हे बेडवर ठेवा, नाहीतर आम्ही आहे तीच राहू देऊ. अटेंडंट खोलीत जाते तेव्हा कार्ड साइड टेबलवर आडवं पडलेलं असतं, किंवा खाली गालिच्यावर. गेस्टने ठेवलं, की पडलं? आता ती काय विचार करते ते बघा. झोपलेल्या चादरीला नवी कडक घडी बसत नाही. पायथ्याशी चुणी राहते, अभ्र्यावर डोक्याचा खळगा दिसतो. शिफ्टमध्ये तिच्या वाट्याला बारा ते सोळा खोल्या. चुरगळलेली चादर ताणून नीट बसवायला जवळपास तेवढाच वेळ लागतो जेवढा ताजी घालायला, म्हणजे तिचा वेळ काही वाचत नाही. मागून सुपरवायझर येते, बेडवर हात फिरवते आणि विचारते, ‘हा बेड केलाच नाहीस का?’ आणि गेस्टने ‘चादर बदलली नाही’ असा रिव्ह्यू टाकला, तर दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये खोली नंबरासकट तिचं नाव निघतं. या हिशेबात ती चादर ओढून ट्रॉलीत टाकते. मीही तेच केलं असतं.

इथे तिला पृथ्वीच्या तापमानवाढीवर व्याख्यान देऊन काही होत नाही. इथे चार गोष्टी बदलाव्या लागतात. चेक-इनच्या वेळी फ्रंट ऑफिसने एक प्रश्न विचारायचा, ‘चादर रोज बदलू की तिसऱ्या दिवशी?’, आणि उत्तर सिस्टिममध्ये टाकायचं, म्हणजे अटेंडंटच्या हातातल्या यादीवर ते छापून येतं. तिला कार्डाचा अर्थ लावत बसावं लागत नाही. दुसरं, न बदललेल्या बेडचं वेगळं प्रमाण ठरवायचं. सुपरवायझरला एक तसा बेड करून दाखवायचा आणि सांगायचं की याला इतकी चुणी चालेल. तिसरं, याबाबत तक्रार आली तर ती ड्यूटी मॅनेजर घेणार, अटेंडंटचं नाव निघणार नाही, हे सगळ्यांसमोर बोलून टाकायचं आणि पहिल्याच तक्रारीला पाळायचं. ती पहिली तक्रार म्हणजे तुमची परीक्षा असते, स्टाफ बारीक लक्ष ठेवून असतो. चौथं म्हणजे नवं प्रमाण आल्यावर त्या खोल्यांत जी मिनिटं वाचतील त्यांवर लगेच जादा खोल्या लादायच्या नाहीत. ‘चादर बदलायची नाही ना, मग आजपासून अठरा खोल्या कर’ असं झालं की तुमच्या हरित धोरणाचा अर्थ स्टाफला बरोबर कळतो: काम वाढवायची नवी युक्ती.

टॉवेलवरून एक संशोधन तुम्हाला उपयोगी पडेल. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी अमेरिकेतल्या एका हॉटेलात प्रयोग केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ या नेहमीच्या पाटीला सुमारे ३५ टक्के गेस्टनी प्रतिसाद दिला. ‘इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर ४४ टक्के. पुढच्या प्रयोगात ‘याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे’ असं लिहिलं तेव्हा ४९ टक्क्यांच्या आसपास. मात्र जर्मनीत बोनर आणि श्लुटर यांनी २०१४ मध्ये हेच करून बघितलं तेव्हा तसा फरक सापडला नाही. म्हणजे पाटीचे शब्द बदलून सगळीकडे जादू होईल असं समजू नका. पण त्यातला गाभा स्टाफच्या बाबतीत मला रोज दिसलाय: माणूस पोस्टरकडे कमी आणि शेजारच्या ट्रॉलीवाल्याकडे जास्त बघतो.

म्हणूनच सकाळच्या ब्रीफिंगमध्ये आपण काय बोलतो ते जपून बोलायला हवं. ‘तुमच्यापैकी कोणीच लाइट बंद करत नाही, सगळे कचरा एकत्र टाकता’ असं रागावलं की नवीन पोरगा त्यातून शिकतो की इथे कोणीच करत नाही, मग मी कशाला करू. अमेरिकेतल्या ॲरिझोनात अश्मीभूत लाकडाचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे ‘अनेक लोकांनी इथून लाकूड नेलं आणि उद्यानाचं नुकसान झालं’ अशी पाटी लावून बघितली, तेव्हा चोरी वाढली. ‘कृपया नेऊ नका’ या साध्या पाटीने ती तितकी झाली नाही. त्यापेक्षा सांगा, ‘दुसऱ्या मजल्यावर काल एकाही रिकाम्या खोलीत एसी चालू सापडला नाही.’ खरं असेल तरच सांगा. खोटी शाबासकी स्टाफला लगेच कळते.

आता पाणी. तुमच्या हाउसकीपिंगमध्ये लातूर, बीड, धाराशिवकडचे लोक असणारच, पुण्यातल्या बहुतेक हॉटेलांत असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं होतं. ज्या घरात टँकर आल्यावर हंडे धरायला शाळा बुडवली गेली, त्या घरच्या बाईला आपण प्रोजेक्टरवर पाण्याचं महत्त्व दाखवतो. तिला ते अपमानकारक वाटतं आणि वाटायलाच हवं. तिला विचारा, या इमारतीत पाणी कुठे वाया जातं. एका हॉटेलात मी असं विचारलं तेव्हा एका अटेंडंटने कागद-पेन न घेता बारा खोल्यांची नावं घेतली: कुठल्या फ्लशची टाकी आतून झिरपते, कुठला शॉवर बंद केल्यावरही ठिबकतो, कुठल्या बेसिनच्या खाली बादली ठेवावी लागते. इंजिनिअरिंगच्या रजिस्टरमध्ये यातलं काहीच नव्हतं.

का नव्हतं? तिने आधी सांगितलेलं होतं. तीनदा स्लिप भरून झाल्या, प्लंबर आला नाही, एकदा आला आणि ‘तुम्हीच जोरात नळ बंद करता’ म्हणून गेला. चौथ्यांदा कोण सांगणार? सेकंदाला एक थेंब ठिबकणारा नळ दिवसाला साधारण २० लिटर पाणी घालवतो, म्हणजे एक मोठी बादली; झिरपणारी फ्लशची टाकी त्याच्या कितीतरी पट. स्टाफला पर्यावरणाकडे वळवायचं सगळ्यात परिणामकारक साधन म्हणजे त्यांनी सांगितलेली गळती चोवीस तासांत दुरुस्त होणं आणि दुरुस्त झाल्याचं त्यांना परत कळणं, हे मी अगदी ठामपणे सांगते. दुसरा भाग लोक विसरतात. प्लंबरने काम संपल्यावर ज्याने सांगितलं त्याला फोन करायचा, ‘तीनशे सातचा फ्लश झाला’ एवढंच. खर्च शून्य. यानंतर महिनाभरात स्लिपा वाढतात. मालकाला वाटतं तक्रारी वाढल्या. त्यांना आधीच सांगून ठेवा की हे चांगलं लक्षण आहे. फ्लश झिरपतो का ते तपासायला टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर झडप गेली. हे अटेंडंट स्वतः करू शकते, इंजिनिअरची वाट बघायची गरज नाही.

विजेचीही तीच कथा. खोलीत कार्ड घातल्याशिवाय वीज चालू होत नाही, अशी सोय तुमच्याकडे असेलच. तुमच्या रिकाम्या खोल्यांत जाऊन बघा, त्या खाचेत कोणाचं तरी जुनं कार्ड किंवा पुठ्ठ्याचा तुकडा घातलेला सापडेल. स्टाफ बेफिकीर आहे म्हणून हे होत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला गेस्ट तापलेल्या खोलीत शिरतो आणि खालून ओरडा अटेंडंटला पडतो, म्हणून सकाळीच एसी लावून ठेवला जातो. पुठ्ठा काढून फेकलात तर उद्या नवा येईल. फ्रंट ऑफिसने गेस्ट येण्याच्या वीस मिनिटं आधी मजल्यावर कळवायची पद्धत बसवा, पडदे ओढून ठेवायला सांगा, पुठ्ठा आपोआप जातो. आणखी एक गोष्ट. २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसीची मूळ सेटिंग २४ अंशांवर येते, आणि एक अंश वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब आहे. पण जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये १८ वर एसी आणि जाकीट घालून बसलेला माणूस दिसला, की स्टाफच्या मनातून ती २४ ची गोष्ट संपते. वरच्यांचं वागणं हे तुमचं सगळ्यात मोठं पोस्टर, बरं किंवा वाईट.

किचनमध्ये जरा थांबू, कारण पुण्यात हॉटेलचा सगळ्यात मोठा प्रश्न ओल्या कचऱ्याचा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारे मोठे उत्पादक धरले जातात, आणि साठ खोल्या, रेस्टॉरंट आणि लग्नाचा हॉल असेल तर तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. पण स्टाफशी बोलताना मी नियमापासून सुरुवात करत नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कचरा डेपोविरुद्ध किती वर्षं आंदोलनं केली ते पुण्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि तुमच्या स्टाफमध्ये हडपसर-फुरसुंगीकडून येणारं कोणी ना कोणी असतंच. त्यांना बोलू द्या. त्या भागातल्या विहिरीच्या पाण्याचं काय झालं हे त्यांच्याकडून ऐकलेलं टिकतं.

तरीही दुपारी अडीचला भांडी घासण्याच्या जागेवर जाऊन उभे राहा. बँक्वेटच्या ताटांची चळत छातीपर्यंत आलेली असते, पाणी उकळतं गरम, फरशी निसरडी. ओल्याचा डबा हाताशी आणि सुक्याचा पंधरा पावलांवर दाराबाहेर. स्टुअर्ड, म्हणजे भांडी घासणारा पोरगा, टिश्यू, टूथपिक, दह्याचा प्लास्टिकचा कप, हाडं सगळं एकाच डब्यात खरवडतो. त्याला पाच वेळा समजावलंत तरी तो तेच करील, कारण तसं न करणं त्या जागी शक्यच नाही. ताट खरवडायच्या जागीच दोन्ही डबे ठेवा, कमरेच्या उंचीला, एकाच्या झाकणाला फक्त कप जाईल एवढं भोक. पाटीवर अक्षरांऐवजी वस्तूंची चित्रं लावा, कारण तुमच्या किचनमध्ये मराठी, हिंदी, बंगाली, ओडिया, नेपाळी बोलणारे सगळे आहेत आणि त्यातले काही वाचत नाहीत. टिश्यू आणि कप शक्यतो वेटरनेच टेबलावरून वेगळे उचलावेत. एवढ्याने माझ्या पाहण्यात जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही ट्रेनिंगने पडलेला नाही.

आणि कृपा करून हे आधी बघा: वेगळा केलेला कचरा तुमच्या मागच्या गेटवर एकाच टेम्पोत ओतला जातोय का? जात असेल तर स्टाफने ते कधीच पाहिलंय. आठ तास वेगळं करून डोळ्यांदेखत एकत्र होताना बघणं याइतकं उत्साह मारणारं दुसरं काही नाही. आधी तो करार नीट करा, मग किचनमध्ये बोला.

पुण्याकडे एक जमेची बाजू आहे जी फार कमी शहरांकडे आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करते. म्हणजे कचरा हाताने वेगळा करणारी माणसं इथे संघटित आहेत, बोलतात, प्रश्न विचारतात. एका ठिकाणी आम्ही कचरा नेणाऱ्या ताईंना सकाळच्या ब्रीफिंगला बोलावलं. त्यांनी पर्यावरण हा शब्दही काढला नाही. म्हणाल्या, फुटलेला ग्लास भाताच्या पिशवीत टाकू नका, हात घातला की कळत नाही. खोक्यात घाला आणि वर काच लिहा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि लाल ठिपका मारा, म्हणजे आम्ही ते उघडत नाही. किचनचे, मजल्यावरचे सगळे शांत ऐकत होते. त्या दिवसापासून बारमधली काच खोक्यात जायला लागली. आपल्या कचऱ्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे हे दिसलं की बरंच काही आपोआप होतं. अशा भेटीचा त्यांना मोबदला द्या, त्यांचा कामाचा वेळ जातो.

उरलेल्या अन्नाचं वजन करा. तीन डबे: निवडण-चिरण्यातलं, बुफेत उरलेलं, ताटात टाकलेलं. रोज काट्यावर ठेवून पाटीवर आकडा. पण पहिले दोन महिने त्या आकड्यावरून शेफला एक शब्द बोलू नका. बोललात की आकडे छान यायला लागतात आणि अन्न मागच्या दाराने जातं. शेफ स्वतःच बघेल की मंगळवारच्या नाश्त्याला उपमा किती उरतो. तळणाच्या तेलाचंही आकड्यावर ठेवा. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे २०१८ पासून टोटल पोलर कम्पाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढत जाणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरता येत नाही. ते मोजायचं मीटर ज्युनियर-सीनियर सगळ्या कुकांच्या हातात द्या, एकट्या शेफच्या कपाटात नको. वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी अधिकृत गोळा करणाऱ्यांना जातं, त्याचे पैसेही येतात. मोरीत ओतलं तर ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) तुंबतो आणि तो साफ करायला शेवटी त्याच स्टुअर्डला उतरावं लागतं. हे त्याला सांगावं लागत नाही.

वेटरच्या हातात किती ताकद असते ते २०१८ च्या शेवटी पुण्याने पाहिलंय. पाणीटंचाईत शहरातल्या अनेक रेस्टॉरंटांनी अर्धा ग्लास पाणी द्यायला सुरुवात केली, लागलं तर पुन्हा. हे का चाललं ते नीट बघा. कृती एकच होती, छोटी होती, वेटरच्या हातातली होती, सगळ्या टेबलांवर सारखी होती, आणि गेस्टने विचारलं तर द्यायला एका वाक्याचं खरं कारण होतं. थाळीच्या हॉटेलांत वाढप्याची सवयही अशीच बदलता येते. ‘वाढू का?’ म्हणत पळी ताटावर आलेली असते, गेस्ट संकोचाने नाही म्हणत नाही. आधी विचारायचं, मग वाकायचं, आणि पहिल्यांदा अर्धी पळी. पण वाढप्याला भीती असते की कमी वाढलं तर हॉटेल कंजूष म्हणतील आणि टिप जाईल. म्हणून मालकाने स्वतः पंगतीत उभं राहून दोन दिवस असं वाढून दाखवावं. पुण्यातल्या जुन्या मालकांना हे चांगलं जमतं.

पानशेतच्या रिसॉर्टचं थोडं वेगळं आहे. पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी खडकवासल्यात येतं आणि ते पुणं पितं. तुमच्या काठावर पडलेली बाटली आणि तुमच्या सेप्टिक टाकीतून झिरपलेलं पाणी पुण्यात पोचतं. गावातली मुलं तुमच्याकडे कामाला असतील तर त्यांना हे जास्त नीट ठाऊक आहे, पण गाडीतून उतरलेल्या साहेबाला ‘बाटली इथे टाकू नका’ म्हणायची त्यांची हिंमत होत नाही. त्यांना शब्द द्या आणि पाठबळ द्या. मी शिकवते ते वाक्य असं: ‘सर, द्या माझ्याकडे, मी टाकतो, इथलं पाणी आपण पुण्यात पितो.’ यात गेस्टला कमीपणा नाही आणि पोराला भांडण नाही. गेस्टने आवाज चढवला तर मॅनेजरने मुलाच्या बाजूने उभं राहायचं. एकदा जरी मॅनेजरने मुलाला गेस्टसमोर माफी मागायला लावली, की त्या सीझनपुरतं सगळं संपलं.

ड्रायव्हरांचंही लिहिते, कारण त्यांना कोणी धरत नाही. पार्किंगमध्ये गाड्या एसी लावून तासन्तास चालू असतात, म्हणून ‘इंजिन बंद ठेवा’ अशी पाटी लागते. त्यांना बसायला सावली, पंखा, संडास आणि पिण्याचं पाणी नाही, म्हणून ते गाडीत बसतात. एक पत्र्याची शेड, चार खाटा आणि माठ ठेवा. पाटीची गरज राहणार नाही.

आता दंड की बक्षीस. दंड लावू नका. एक तर वेतनाच्या कायद्यात दंडाला मर्यादा आहे: एका वेतनकाळात पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि कर्मचाऱ्याला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय तर नाहीच. मनाला येईल तसे पाचशे रुपये कापता येत नाहीत. पण कायदा बाजूला ठेवला तरी दंडाचा परिणाम उलटा होतो. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांनी उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून बघितला. गनीझी आणि रुस्तिकिनी यांचा हा अभ्यास २००० सालचा. उशीर वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही कमी झाला नाही. आधी लाज वाटायची, आता पैसे भरले की झालं. हॉटेलात याच्या भरीला लपवाछपवी येते. फुटकी काच, चुकीच्या डब्यातला कचरा, ठिबकणारा नळ, सगळं दडवलं जातं, आणि तुम्हाला तर ते कळायला हवंय.

बक्षिसाला माझा विरोध नाही, पण ‘ग्रीन एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ला आहे. भिंतीवर एकाचा फोटो लागतो आणि बाकीचे बाजूला होतात, त्यातही रात्रपाळीचे आणि भांडी घासणारे कधीच निवडले जात नाहीत. त्यापेक्षा पुठ्ठा, बाटल्या आणि वापरलेल्या तेलाच्या विक्रीचे पैसे स्टाफच्या सामायिक निधीत टाका, हिशेब कँटीनच्या भिंतीवर लावा, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. एका ठिकाणी लोकांनी हॉस्टेलसाठी वॉशिंग मशीन घेतलं, कारण बारा तास गेस्टचे टॉवेल धुऊन घरी आल्यावर स्वतःचे कपडे हाताने धुवावे लागत होते. त्यात कंत्राटी लोकांचाही वाटा हवा. कचरा वेगळा करायला ते आपले आणि पैसे वाटताना कंत्राटदाराचे, हे अन्यायाचं आहे आणि ते बोलून दाखवणार नाहीत, फक्त वेगळं करायचं थांबतील.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे स्टाफ कँटीन. तिथे कागदी कप, बेचव डाळ आणि मिसळलेल्या कचऱ्याचा एकच डबा असेल, तर गेस्टच्या मजल्यावरची काचेची बाटली हा लोकांना देखावा वाटतो. कँटीन आधी सुधारा. स्टीलचे ग्लास आणा, जेवण खाण्याजोगं करा. ताटातलं टाकणं कमी होतं, कारण चांगलं जेवण कोणी टाकत नाही.

ट्रेनिंगचं एवढंच सांगते की ५ जूनचा कार्यक्रम हवा तर ठेवा, पण त्यावर अवलंबून राहू नका. आपल्या धंद्यात माणसं सारखी बदलतात, दिवाळीपर्यंत निम्मे चेहरे नवे असतील. नव्या माणसाच्या पहिल्या आठवड्यातच, ज्याच्याबरोबर त्याला ट्रॉलीवर लावता त्या जुन्या माणसाने हे शिकवायला हवं. म्हणून तो जुना माणूस नीट निवडा आणि शिकवण्याच्या दिवशी त्याच्या खोल्या कमी करा.

मी तुमच्या जागी असते तर सगळं एकदम सुरू केलं नसतं. वाकडला पहिल्या महिन्यात फक्त गळतीच्या स्लिपा आणि त्यांची चोवीस तासांतली दुरुस्ती. ती विश्वासाची ठेव आहे, त्यातूनच पुढचं सगळं खर्च होणार. दुसऱ्या महिन्यात भांड्यांच्या जागेवरचे डबे, आणि त्याआधी टेम्पोचा करार. चादरीचा विषय तिसरा, कारण त्यात फ्रंट ऑफिस, सुपरवायझर आणि तुम्ही तिघांनीही शब्द पाळायला लागतो. पानशेतला ड्रायव्हरांची शेड आणि मुलांना ते एक वाक्य, एवढं पावसाळ्यातल्या गर्दीआधी करा. पाण्याच्या मीटरचा आणि विजेच्या बिलाचा आकडा भरलेल्या खोल्यांच्या संख्येने भागून लिहीत जा, नाहीतर गर्दीच्या महिन्यात स्टाफला उगाच अपयश दिसतं.

तुमच्याकडून दोन गोष्टी कळल्या तर पुढचं जास्त नेमकं सांगता येईल: लाँड्री बाहेर नगावर जाते का, आणि मजल्यावरचे किती जण कंत्राटदाराकडचे आहेत. लाँड्री नगावर असेल तर चादरीतली बचत थेट बिलात दिसते आणि त्यातला हिस्सा स्टाफच्या निधीत टाकायला मालक तयार होणं सोपं जातं. आवारात असेल तर हिशेब पाणी, वीज आणि पावडरमधून काढावा लागेल, तोही कसा काढायचा ते लिहिते.